दोन वाजता आनंदराव येते

आनंदराव काका आमचे कोणीच लागत नाही. नात्यातले नाही, शेजारचे नाही. ते राहते खापरखेड्याले आणि आम्ही बेसाले, म्हणजे मधात अख्खं नागपूर पडते. तरी मागचे दोन वर्षं माझे आबाजी दुपारी जेवले असतील तर ते फक्त या माणसामुळे.

आबाजीचं नाव चंद्रभान. ते आणि आनंदराव काका दोघंही खापरखेड्याच्या विजेच्या प्लांटात, कंट्रोल रूममध्ये. एकोणतीस वर्षं. शिफ्ट बदलत राहायच्या, पण क्रम कधीच बदलला नाही, आबाजीच्या मागे आनंदराव. आबाजी सकाळी सहाले बसले की दुपारी दोनले आनंदराव येणार, बाजूले उभं राहून सगळं ऐकून घेणार, लोड किती, प्रेशर किती, कोळसा दळायची कोणती मिल बंद आहे, आणि मग म्हणणार, "घेतला चार्ज. जाय तू." हे शब्द ऐकल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पॅनलसमोर डबा खायचा नाही. आणि समोरचा आलाच नाही तर? तर डबल करायची. म्हणजे त्याची आठ तासाची शिफ्ट पण आपणच बसून काढायची. बस, एवढे तीन नियम.

रिटायर झाल्यावर बारा वर्षांनी आबाजी हळूहळू परत ड्युटीवर गेले. मले हे असंच सांगता येते. डॉक्टर दुसरं नाव सांगते, पण आमच्या घरी तसं कोणी म्हणत नाही. आबाजी सकाळी आंघोळ करून पोर्चमधल्या खुर्चीत बसते, आतून कूलरचा आवाज येते तो त्यांच्यासाठी टर्बाइनचा, आणि समोर शेजारच्या भैयाजींच्या घराच्या टाक्या, पाइप, मीटरचे डबे. ते सगळं पाहत राहते. एवढ्या शांतपणे पाहते की कधी कधी मी बाजूले अभ्यासाले बसली की मलेच वाटते हे सगळं खरंच त्यांच्या लक्ष ठेवण्यानं चालू आहे. पाणी, लाइट, रस्त्यावरचे लोक. आबाजी उठले तर सगळं थांबेल.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. आई ताट घेऊन उभी. "बाबाजी, जेवून घ्या ना." तर म्हणे, "आनंदराव नाही आला अजून." त्यांना शुगर आहे, सकाळी गोळी घेतली की दुपारी पोटात काही जायलाच पाहिजे. शेवटी बाबांनी आबाजीच्या साध्या बटनवाल्या फोनवरून काकांना लावला, आबाजी तुमची वाट पाहून राहिले एवढंच सांगितलं आणि फोन आबाजीच्या कानाले लावून दिला.

काकांनी एक प्रश्न नाही विचारला. काहून, काय झालं, काही नाही. म्हणाले, "जयभीम चंद्रभान. आलो मी. सांग."

"राम राम गा. लोड एकशे नव्वद. बी मिल बंद आहे, काम चालू. बाकी नॉर्मल."

"घेतला चार्ज. जाय तू."

आणि आबाजी उठले, हात धुतले, जेवले.

तेव्हापासून रोज. बरोबर दोनले फोन वाजते, स्क्रीनवर 'आनंदराव' येते. एक दिवस खाडा नाही. मी एकदा बाबांसोबत खापरखेड्याले गेली होती तेव्हा काकांची वही पाहिली, तारीखवार सगळं लिहिलेलं. लोड एकशे नव्वद. लोड एकशे पंच्याऐंशी. एका दिवशी, 'चार नंबरची टाकी ओव्हरफ्लो.' ती भैयाजींची टाकी! काकांनी त्या दिवशी आईले वेगळा फोन करून सांगितलं होतं, भैयाजीले मोटर बंद करायले सांग म्हणून. त्यांच्यासाठी ते नाटक नव्हतंच. इंदूबाई काकू वही पाहून म्हणे, "विचार त्यायले, पगार कोण देऊन राहिलं याचा?" काका हसले नाही. पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "चार्ज घेतला म्हणजे लिहा लागते."

मग यावर्षी एप्रिलमध्ये श्वेताताईले बाळ झालं. श्वेताताई म्हणजे काकांची मुलगी, जर्मनीत असते. काका-काकूंना तीन महिने बोलावलं. काकांनी आधी सरळ नाही म्हटलं. नातू झाला तरी नाही! म्हणे, दोनचं कोण पाहील? काकूनं बोलणं बंद केलं. शेवटी मीच मधात पडली, मी म्हटलं, काका, कायले टेन्शन घेता, वायफाय कॉलिंग असते ना! तिकडे श्वेताताईच्या घरच्या वायफायवरून तुमच्याच सिमवरून फोन लागेल, आबाजीच्या फोनवर तुमचंच नाव येईल, त्यांना कळणारच नाही तुम्ही कुठं आहात.

"माझंच नाव येईन?"

"तुमचंच."

ते नागपुरात सदरले व्हिसाच्या कागदांसाठी आले तेव्हा मी त्यांचा फोन घेतला, टकाटक सेटिंगमध्ये गेली, स्विच चालू केला, झालं. काकांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि माझ्याकडून एकेक स्टेप लिहून घेतली. फ्लाईट मोड चालू. मग वायफाय चालू. वर चिन्ह दिसेपर्यंत थांबणे. मग कॉल. "आणि ट्रायल?" काका म्हणाले. "एकदा इथंच ट्रायल घेऊ. मशीन ट्रायल घेतल्याशिवाय लाइनवर घेत नाही."

माझा क्लास होता. मी म्हटलं, "काका, होते हो!" आणि गाडीले किक मारली.

पहिल्या दिवशी ते तिकडे पोचणार होते आपल्या बारा-साडेबाराले. दोनले इथं मी, आई, आबाजी पोर्चमध्ये. ऊन पांढरं झालेलं, रस्त्यावर कुत्रं नाही. दोन वाजले. दोन दहा. फोन तिथंच आबाजीच्या मांडीवर, चूप. मले आधी मजेतच वाटलं, उतरले असतील, थकले असतील. अडीचले माझ्या फोनवर श्वेताताईचा व्हिडिओ कॉल.

"पायल, बाबांचा फोन लागूनच नाही राहिला वं. फ्लाईट मोड, वायफाय, सगळं केलं. नुसतं नेटवर्क नाही म्हणते."

"रोमिंगचा पॅक मारू का मी इथून?"

"ओटीपी बाबांच्याच सिमवर येईन ना. सिमले नेटवर्कच नाही."

मागे काका दिसत होते, स्वेटर घालून सोफ्यावर बसलेले, डायरी हातात. डोळे लाल. मी पळत जाऊन मोबाईल आबाजीसमोर धरला. "पाहा, आनंदराव काका!"

आबाजीनं बराच वेळ पाहिलं. मग मले म्हणे, "टीव्ही बंद कर. ड्युटी चालू आहे."

श्वेताताईनं तिच्या नंबरवरून आबाजीच्या फोनवर लावून पाहिलं. लांबलचक परका नंबर. आबाजीनं उचलला, काकांचा आवाज ऐकला, आणि म्हणाले, "अनोळखी माणसाले चार्ज देता येत नाही." ठेवून दिला. पुन्हा वाजला तर उचललाच नाही.

साडेतीन झाले. आईनं पाण्यात गुपचूप साखर टाकून दिली, तेवढी प्यायले. ताट घेतलं नाही. "पॅनलसमोर डबा खाते का कोणी, कामिनी?" एवढ्या प्रेमानं म्हणे की आई आत जाऊन रडली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि बोटं थरथरून राहिली होती, आणि मले एकदम कळलं की हे माझ्या एका किकमुळे झालं.

मग मी अजून एक शहाणपणा केला. आबाजीच्या फोनमध्ये बाबांचा नंबर 'आनंदराव' नावानं सेव्ह केला आणि बाबांना ऑफिसमध्ये सांगितलं, आवाज जाड करा आणि लावा. फोन वाजला. नाव आलं. आबाजीचा चेहरा असा उजळला की मले वाटलं जमलं!

"जयभीम चंद्रभान," बाबा म्हणाले. "घेतला चार्ज. जाय तू."

आबाजी म्हणे, "घेतला? मी तर काही सांगितलंच नाही."

बाबा गडबडले. आबाजीनं फोन हळूच मांडीवर ठेवला. "हा आनंदराव नाही. आनंदराव आधी ऐकते." आणि माझ्याकडे वळून, एकदम भ्यालेल्या आवाजात, "त्याले काही झालं का गं? तो असा न सांगता राहत नाही."

मी नुसती मान हलवली, नाही, नाही. त्यांनी पाठ सरळ केली, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवले आणि म्हणाले, "ठीक आहे. डबल करतो."

डबल म्हणजे रात्री दहा.

मी भैयाजींच्या जिन्यावर जाऊन बसली आणि श्वेताताईले फोन लावून खरं सांगून टाकलं. की ट्रायल माझ्यामुळे राहिली. काका स्पीकरवर होते. मले वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बेटा, थांब. शून्यापासून जाऊ. तू त्या दिवशी काय काय दाबलं, एकेक सांग. घाई नको करू."

मी डोळे मिटले आणि सदरचा तो चहाचा ठेला आठवला, काकांचा गरम झालेला फोन, सेटिंग, मग सिम, मग... "काका, तुमच्या फोनमध्ये दोन सिम आहे का?"

"आहे ना. एक नंबर जुना. दोन नंबरचं नेटसाठी."

"वायफाय कॉलिंगमध्ये वर कोणतं सिम दिसते?"

तिकडे बोटाचा आवाज. बाळाचं कुरकुरणं. काकूचा आवाज, "अहो, रात्रीपासून डोळ्याले डोळा नाही, पाच मिनिटं पडा तरी." मग काका, हळू, वाचल्यासारखे, "सिम दोन, चालू. सिम एक... बंद."

बाप्पा! मी स्विच दुसऱ्याच सिमवर चालू करून दिला होता.

"चालू केला," काका म्हणाले. "आता चिन्ह दिसेपर्यंत थांबणे." आणि ते खरंच थांबले. मी ओरडून राहिली, लावा ना काका, आणि ते थांबून राहिले.

मी जिन्यावरून उतरेपर्यंत पोर्चमध्ये फोन वाजला. पाच वाजून वीस मिनिटं. मघाचं नाव मी मिटवून टाकलं होतं, आता स्क्रीनवर खरं 'आनंदराव' होतं.

आबाजीनं लगेच नाही उचलला. नाव पाहिलं, दोनदा पाहिलं. मग उचलला. त्यांना ऐकू कमी येते म्हणून आवाज पूर्ण मोठा असते, मले सगळं ऐकू येत होतं.

"जयभीम चंद्रभान. उशीर झाला गा. सांग."

आणि आबाजीनं सांगितलं. लोड एकशे नव्वद, प्रेशर, मिल, तीन तास वीस मिनिटांचं सगळं. काका मधात "हं", "हं" म्हणत होते, कागदावर पेनाची खरखर येत होती. ती खरखर जर्मनीतून आमच्या पोर्चमध्ये! मागे तिकडची कोणती तरी पाखरं बोलून राहिली होती, आणि ऊन इथलं, आणि मले कळेनासं झालं आपण नेमके कुठं बसलो आहोत. खापरखेड्यात, बेसात, का तिकडे त्या थंड खोलीत.

"घेतला चार्ज," काका म्हणाले. "जाय तू."

आबाजी हलले नाही.

"तू झोपला नाही," ते म्हणाले.

"झोपलो ना."

"खोटं नको बोलू गा. आवाज बसला तुझा. तू आराम कर, मीच डबल करतो."

मी आईकडे पाहिलं, आई माझ्याकडे. आता काय! एवढा फोन लागला, आणि हे काकांच्या झोपेसाठीच उठून नाही राहिले.

तिकडून काका म्हणाले, "असं कर. तू करजो डबल. पण अर्धा तास जेवून ये. तोपर्यंत मी बसतो तुझ्या खुर्चीत. फोन चालू ठेव, मी लाइनवर आहो."

"अर्धाच तास."

"अर्धाच."

आबाजी उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू, पण उठले. फोन बंद न करता खुर्चीच्या गादीवर ठेवला, मधोमध, बसणाऱ्याले जागा देतो तसा. आईनं पळतच आत ताट वाढलं. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी. ते जेवत होते तो आवाज मी खुर्चीजवळ फरशीवर बसून ऐकत होती. चमचा, पाण्याचा पेला, आई म्हणे अजून एक घ्या, आबाजी म्हणे घेतो. फोनमधून पाखरं. कूलर. मग पाखरांच्या वर हळूच दुसरा एक आवाज चढला, लांब, खोल, एकसारखा. काका घोरून राहिले होते.

मी हसली, आणि मग मले रडूच आलं.

आबाजी हात पुसत बाहेर आले. फोन उचलून कानाले लावला. मी म्हटलं आता म्हणतील, हा ड्युटीवर झोपला. ते ऐकत राहिले. डोळे अर्धे मिटले, मान थोडी कलली, जसं मशीनले कान लावते तशी.

"कशी एकसारखी चालून राहिली पाहा," ते म्हणाले.

मग खुर्चीत नाही बसले. बाजूले माझ्याजवळ फरशीवरच टेकले, भिंतीले पाठ लावून, आणि फोन परत गादीवर ठेवला. खुर्ची काकांचीच राहू दिली.

"काकांना उठवू का, आबाजी?"

"नाही वं," ते म्हणाले. "आला ना तो. झोपू दे."