अकराव्या पुस्तकाची शेवटची पानं

नाशिकच्या स्टँडवर मी गाडीच्या तासभर आधी जाऊन बसलो. हा माझा जुना रोग आहे. तिकिटाचे पैसे, चष्मा, रक्तदाबाची गोळी, सगळं तीनतीनदा चाचपून झालं, तरी पुन्हा चाचपत होतो. कन्नडला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या काखेत गाठ निघाली होती. गाठीचा तुकडा तपासायला गेला होता आणि निकाल गुरुवारी छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात मिळणार होता. "दोन दिवस नुसती वाट बघत कशी बसू?" ताई फोनवर म्हणाली होती. "तू ये. भांडू जरा."

आमचं भांडण ठरलेलं असतं. लहानपणी आम्ही 'निशाण टोळी' या साहसमालेची अठराही पुस्तकं गल्लीतल्या वाचनालयातून आणून वाचली. दोन भावंडं, त्यांचा एक चष्मेवाला मित्र आणि दर पुस्तकात नवं संकट; घरची मोठी माणसं बहुतेक पुस्तकांत दिसतच नाहीत. त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं, यावर आम्ही पन्नास वर्षं वाद घालतोय. माझं मत अकराव्याला, 'बेटावरची घंटा'ला. ताईचं चौथ्याला, घाटातल्या तंबूच्या गोष्टीला. शिवाय अकरावं हे मालेतलं सगळ्यात टाकाऊ, असंही तिचं म्हणणं. एरवी वादात कुणाला न ऐकणारी ही बाई इथे मात्र 'टाकाऊ म्हणजे टाकाऊ' एवढंच म्हणते, याचा मला फार राग येतो.

अकराव्याशी माझं एक दुखणंही जोडलेलं आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, ताई तेरा. आई सरकारी दवाखान्यात होती आणि कुणी आम्हाला धड काही सांगत नव्हतं. पुस्तकातही मुलांची आई आजारी, मुलं वादळात होडी घालून डॉक्टरांना आणायला निघालेली. मी वाचत वाचत शेवटाला आलो तर शेवटची पानंच नाहीत. वाचनालयाच्या काकांनी ते वडिलांना दाखवलं आणि वडिलांनी मला दोन थपडा दिल्या. मी फाडली नव्हती हो! शेवट मला ताईने तोंडी सांगितला, कारण तिचं आधी वाचून झालं होतं. मुलं डॉक्टरांना घेऊन परततात तर आई उंबऱ्यात बसून वाटाणे सोलते आहे, आणि म्हणते, "किती रे उशीर केलात!" याहून सुंदर शेवट मी कुठे वाचलेला नाही. खरं तर हाही वाचलेला नाही, ऐकलेला आहे. पुढे दहा दिवसांनी आमची आईही घरी आली.

वैजापूरला शेजारी एक फेटेवाले गृहस्थ येऊन बसले. बसल्या बसल्या त्यांनी भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या.

"कुणाकडं निघाले?"

"बहिणीकडे."

"बरी हाय ना?"

मी शेंग तोंडात टाकली. त्यांनीही मग काही विचारलं नाही, फक्त शेंगांची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. अशा माणसांचे आभार मानायचे राहूनच जातात.

उतरायची वेळ जवळ आली तसा मी इतका अधीर झालो की संभाजीनगरच्या मुख्य स्टँडच्या बऱ्याच अलीकडे, नगर नाक्यावरच उतरलो. मग उन्हात रिक्षा शोधणं आलं. हर्सूलला ताईच्या दिरांचा रिकामा फ्लॅट आहे, तिथे ती उतरली होती. दार उघडल्यावर मी आधी तिच्या काखेकडे बघितलं. तिच्या ते लगेच लक्षात आलं.

"वर बघ, सुध्या. तोंड इथं हाय माझं."

संध्याकाळी आम्ही हर्सूल तलावावर फिरायला गेलो. पाणी बरंच आत गेलं होतं, काठावर पोरं कणसं भाजून घेत होती. ताईने चौथ्या पुस्तकाची बाजू जोरात मांडली. त्यात कुणी रडत नाही, सगळे पोटभर जेवतात आणि चोर शेवटी स्वतःच तंबूत अडकतो. मी अकरावं काढलं. तिने पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला.

"लई थंडी वाजतीय. चल घरी."

उन्हाळ्याचे दिवस होते.

बुधवारी सकाळी तिने मला घराबाहेर काढलं. "तुझं तोंड बघून मलाच धडकी भरतीय. जा, गावात जाऊन ये." मी पैठण गेटाकडे गेलो. तिथल्या एका हॉटेलात नान-खलिया (तंदुरी रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा) मागवला. इथला हा पदार्थ एरवी मी बोटं चाटून खातो. आज दोन घासांपुढे जाईना. वाढपी म्हणाला, "क्या हुआ साब, अच्छा नाय लगा?" मी म्हटलं, पदार्थ चांगला आहे, माणूस बिघडलाय.

तिथून गल्लीत शिरलो तर जुन्या पुस्तकांचं एक बोळकांडीएवढं दुकान लागलं. आत स्टुलावर एक पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते.

"क्या होना?"

मी 'निशाण टोळी' म्हणताच त्यांनी वरच्या फळीकडे बोट केलं. "चौथा नंबर मांगते सब लोगां. तो गेला कालच."

"मला अकरावा पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं. "अकरावा कोणी नाय विचारत. माझ्या पोरीनं लहानपणी वाचला होता. दोन दिवस जेवली नाय."

झालं, मला एक मत मिळालं! ज्या पुस्तकापायी लेकरू जेवण विसरतं ते पुस्तक चांगलंच असणार. मी पुस्तक हातात घेतलं, मागून उघडून बघितलं तर पानं शाबूत. दुकानाच्या पायरीवरूनच मी ताईला फोन लावला. "ताई, सापडलं! अकरावं, अख्खं!" ती एवढंच म्हणाली, "आण."

समोरच्या टपरीवर चहा घेऊन मी शेवट काढला. पन्नास वर्षांनी. होडी काठाला लागते, मुलं डॉक्टरांचा हात धरून पळत सुटतात. घराच्या दारात खूप चपला काढून ठेवलेल्या असतात. धाकटा विचारतो, एवढे लोक का आलेत? आणि थोरली बहीण त्याचे डोळे आपल्या हाताने झाकते.

वाटाणे कुठेच नव्हते.

चहा तसाच राहिला. पानं कुणी फाडली होती, ते मला त्या बाकड्यावर कळलं. आई दवाखान्यात असताना तेरा वर्षांच्या पोरीने हे एकटीने वाचलं होतं आणि मला वाचू दिलं नव्हतं. मी मात्र पन्नास वर्षं तिच्यापुढे त्याच पुस्तकाचा जयजयकार करत होतो. आणि आज, निकालाच्या आदल्या दिवशी, तेच पुस्तक मी तिच्या हातात द्यायला निघालो होतो. मला स्वतःची भयंकर चीड आली.

चौकात पुस्तक टाकून देता आलं असतं, पण 'सापडलं' म्हणून ओरडून बसलो होतो. शेवटी मी आजूबाजूला बघितलं, लहानपणी ज्यासाठी मार खाल्ला ते काम केलं आणि तीन पानं घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. घाईत फाडणं काही सरळ झालं नाही.

घरी पोचल्यावर ताईने हात पुसून पुस्तक घेतलं. उघडलं ते मागूनच.

"याच्यात पण शेवट नाही गं," मी म्हणालो. "फोनवर मी नीट न बघताच ओरडलो. आपलं नशीबच तसं."

तिने फाटलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

"मग तू सांग शेवट."

मी सांगितला. होडी, डॉक्टर, उंबरा. वाटाण्यांचा ढीगच घातला. आई म्हणते, "किती रे उशीर केलात!" हे वाक्य मी दोनदा सांगितलं. ताई डोळे मिटून ऐकत होती. "झ्याक हाय," ती म्हणाली आणि उठून भात टाकायला गेली.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. गाठ साधी नव्हती. पण वेळेत आलात, त्या म्हणाल्या, उपचार लांबतील, तरी बरं होण्यासारखं आहे. मी तेच तेच चारदा विचारलं, तेव्हा ताईनेच माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

शुक्रवारी ती मला स्टँडवर सोडायला आली. मी राहतो म्हणत होतो, पण उपचार सोमवारपासून होते आणि माझे कपडे संपले होते. रविवारी परत येतो, असं ठरवून मी गाडीत चढलो. ती खिडकीखाली उभी राहिली.

"सुध्या, पानं खिशात हायेत ना?"

माझा हात आपोआप छातीकडे गेला.

"जुनी फाडलेली कड पिवळी असती. ही पांढरीफेक होती. मला नको शिकवू." ती हसली, मग तिचे डोळे भरले. "थपडा मात्र तू खाल्ल्यास. मी तेव्हा बोलायला पायजे होतं."

कंडक्टरने घंटी मारली. ताई गाडीबरोबर चार पावलं चालत आली.

"फेकू नको ती. उपचार संपले की मला दे. नीट वाचते, आणि मग सांगते अकरावं कसं हाय ते."

या शहरातून येताना लोक हिमरू शाल आणतात, इमरती आणतात. माझ्या खिशात तीन पानं होती. येवल्यापर्यंत मी ती किती वेळा चाचपली याची मोजदाद नाही. आमच्या वादाचा निकाल पुन्हा एकदा लांबला होता. पण या खेपेला तो माझ्या विरुद्ध लागावा, ताईने ती पानं सावकाश वाचून 'टाकाऊ म्हणजे टाकाऊ' म्हणावं, एवढंच मी मागत होतो.