भेगा बुजवल्या ते दोन दिवस

माझा स्वभाव मुळातच घाईचा, त्यात मास्तरीणपणा. वर्गात असो की घरात, काही वाकडं दिसलं की ते लगेच सरळ केल्याशिवाय मला चैन पडत नाही. बालाघाटच्या आमच्या घरात मी आणि बाबा, दोघंच राहायचो. बाबांना जाऊन आता सात महिने झाले. बैठकीत मी हौसेनं घातलेली व्हिनाइलची शीट अजून नवीच्या नवी आहे. येणारे-जाणारे म्हणतात, छान केलं. मला मात्र तिच्यावर पाय ठेवायलाही नको वाटतं.

काचबिंदूनं बाबांची दृष्टी गेली, त्याला ही शीट घातली तेव्हा सहा वर्षं झाली होती. भरवेलीच्या खाणीत उभा जन्म घालवलेला माणूस. आंधळेपण त्यांनी मुकाट्यानं घेतलं, पण एका गोष्टीवर अडून बसले: मोरीला मी एकटाच जाईन. त्यांच्या खाटेपासून मोरीच्या दारापर्यंत मध्ये अख्खी बैठक, पण भिंतीला हातही न लावता ते बरोबर पोचायचे. मी कधी मागे गेले तर जागच्या जागी थांबायचे.

"काहून येऊन राह्यली? जा, तुयं काम कर."

पोरीला बापाला मोरीत न्यावं लागू नये, एवढीच त्यांची अब्रू उरली होती. ती ते दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या पायांनी राखत होते. मला त्याचं कौतुक होतं. ते कसे पोचतात, हे मात्र मी कधी विचारलं नाही. सवय असेल, असं धरून चालले होते.

बैठकीतला सिमेंटचा कोबा तीस-पस्तीस वर्षांचा. भेगा पडलेल्या, मध्ये मध्ये पोपडे निघून खळगे झालेले. त्या हिवाळ्यात एका खळग्याच्या काठाला ठेच लागून बाबांच्या अंगठ्याचं नख उखडलं. माझी बहीण नागपूरला असते. उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ती फोनवर म्हणाली, "त्या फरशीचं काहीतरी कर, नाहीतर एक दिवस बाबा पडतील." मी लगेच कामाला लागले. खरं सांगायचं तर नख हे निमित्त होतं. शाळेतल्या बाया घरी आल्या की त्या कोब्याची मला लाज वाटायची.

शीटच्या दुकानदारानं बजावलं होतं, "मैडम, फर्श एकदम लेवल होना चाहिए. नहीं तो नीचे का सब ऊपर दिखेगा." एवढं पुरे होतं. मी मिस्तरीला बोलावलं, बैठक रिकामी केली. कपाट, टेबल, खाट परत नेमकी जिथल्या तिथं यावीत म्हणून भिंतीवर खडूनं खुणा केल्या. बाबांना सामानाची जागा बदललेली चालणार नाही, हे मला कळत होतं, आणि आपल्याला ते कळतं याचा थोडा तोराही होता. शीटची गुंडाळी मागच्या खोलीत उलगडून, कडांवर डबे ठेवून सोडली. मिस्तरी पोपडे खरवडत होता, भेगा रुंद करून त्यांत सिमेंटचा मसाला भरत होता. मी लांब पट्टी घेऊन त्याच्या मागे मागे. पट्टीखालून उजेड दिसला की म्हणायची, इथं अजून भरा.

ते दोन दिवस बाबांची खाट समोरच्या पडवीत होती. तिथून मोरीला मागच्या अंगणातून जावं लागे, म्हणून तेवढ्यापुरता त्यांनी माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "काय चालू आहे वं?"

"फरशी सारखी करून राह्यलो, बाबा. आता ठेच लागणार नाही तुम्हाले."

"सगळी?"

"हौ, सगळी. एक भेग नाही ठेवली."

त्यांनी लोंबते पाय खाटेवर ओढून घेतले. मला वाटलं, बरं वाटलं असेल.

तिसऱ्या दिवशी मसाला वाळला. शीट संध्याकाळी टाकायची होती, तोवर सामान खुणेबरहुकूम परत ठेवलं. बाबा खाटेवरून उठले आणि निघाले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. सहा-सात पावलं गेले आणि थांबले. उजवा पाय पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे फिरवू लागले. मग वाकून तळहातानं जमीन चाचपली. उठले ते भलत्याच दिशेला वळले आणि कपाटावर आदळले.

मी धावले. "बाबा, कपाट आपल्या जागीच आहे."

"कपाटाले काय झालं?" ते म्हणाले. "सातव्या पावलाले मोठी भेग लागे. तिच्यावर अंगठा ठेवून गेलं का मोरी नाकासमोर. ते कुठी गेली?"

मिस्तरीला पुन्हा बोलावलं, म्हटलं ती भेग उकर. तो म्हणाला, कुठली बाई, कुठून कुठवर? आणि मला सांगता येईना. लहानपणापासून मी ती खोली झाडत आले, पुसत आले, आणि ती भेग कुठून निघून कुठं जाते हे मला माहीत नव्हतं. अंदाजानं एक चर पाडून घेतला. बाबा त्याच्यावरून दोनदा चालले आणि दोन्ही वेळा दाराच्या हातभर अलीकडे भिंतीशी गेले. मग खाटेपासून मोरीपर्यंत दोरी बांधली. ती त्यांनी दोन दिवस धरली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सोड वं ते. गोठ्यात असल्यावानी वाटते."

शेवटी चर बुजवला आणि शीट टाकली. त्यानंतर बाबा मला हाक मारू लागले. मी हात धरून न्यायची, दाराबाहेर पाठ करून उभी राहायची. उगाच शाळेतलं काहीबाही बोलत राहायची.

चैत्र लागला. ऊन भाजून काढत होतं. महिन्याभरात हाका कमी झाल्या. चारच्या तीन, तीनच्या दोन. मला मेलीला वाटलं, चला, रुळले. मग एका दुपारी खाटेजवळचा पाण्याचा पेला उचलायला गेले, तर तो सकाळी भरून ठेवला तसाच काठोकाठ. आदल्या दिवशीही तो असाच होता, हे तेव्हा आठवलं.

"बाबा, पाणी नाही प्यायले तुम्ही?"

"तहान नाही लागली."

त्यांचे ओठ फुटले होते. मी खाटेवर बसले, पेला त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "प्या ना, बाबा. न्यायले मी आहे ना."

"तेच तं," ते म्हणाले, आणि पेला हळूच माझ्याकडे सरकवला.