चौसाळ्याची आडवी येणारी गयाबाई

सोलापूर सोडलं तेव्हा चौथ्या दिवशी बीड गाठीन अशी माझी फुशारकी होती. चौसाळ्यात दगडूबांच्या घरी उतरलो आणि तिथेच अडकलो. त्यांना बीडच्या तहसिलीत जायचंच होतं, म्हणून त्यांच्या दमणीत (छपराच्या बैलगाडीत) माझी सोय झाली. भाकरी आणि येसराची झणझणीत आमटी हाणून मी खुशीत झोपलो.

सकाळी बैल जुंपले, तोच गयाबाई आडवी आली. दगडूबांची विधवा भावजय, हातात रिकामी घागर. दगडूबांनी कपाळावर हात मारला. "सोडा बैल! आज न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, घागर हजर. तिसऱ्या दिवशी मागच्या दाराने निघालो, तर बाई मागच्या दारी! मी मनातल्या मनात तिला लाखोली वाहिली आणि आडावर गाठलं.

"बाई, माझ्यावर कसला राग?"

"तुमच्यावर कशापायी आसंल? भाऊजी माजं शेत आपल्या नावावर लावाया निघालेत. मला तहसिलीत कोन नेनार? म्हनून त्यास्नीच जाऊ देत न्हाई."

मला खो खो हसू आलं आणि मग त्या लाखोलीची लाज वाटली.

चौथ्या दिवशी टांगा ठरवला आणि तिला शेजारी बसवलं. वेशीत माणसं तोंडं फिरवत होती. टांगेवाल्या चाचांना विचारलं, "चालेल ना?"

"घोड्याला ईचारा. त्याला फकस्त दाना कळतो."

वाटेत गयाबाईने विचारलं, "तुमची मंडळी?"

"वारली. दोन वर्षं झाली."

"आगं बया! मंग तुमी बी माज्यावानीच की. तुमाला बगून कोन बैल सोडतं?"

चाचा हसले. मी घोड्याची शेपटी बघत बसलो.

तहसिलीत तिचा अर्ज घेतला, अंगठा झाला. निकाल लागेपर्यंत शेताला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूमही मिळाला. तो कागद छातीशी धरून बाई ढसाढसा रडली.

सोलापुरात घरी पोचलो, तर काकू बार्शीच्या मुलीची पत्रिका घेऊन तयार! मला म्हणे लगेच बायको हवी. काका जाऊन वीस वर्षं झाली, काकूला कुणी लग्नाचं विचारलं नव्हतं.

"काकू, मी निघालो तेव्हा तू कुठे होतीस गं?"

"माजघरात, दार लावून. तुझा प्रवास नीट व्हावा म्हणून."

मला फार वाईट वाटलं. आता कुठेही निघालो की मी तिला हाक मारून दारात उभी करतो. ती "मेल्या, मार खाशील" म्हणते, पण येते.