लाल गाडी, एप्रिल ते ऑक्टोबर

हार्टविग ब्रुन्स हा आमच्या समुद्रकाठच्या हुझुम गावच्या पंचक्रोशीतला सगळ्यांत नकोसा माणूस. वाईट होता असं नाही, पण उभा जन्म त्यानं लोकांच्या गाड्या तपासण्यात घालवला. दर दोन वर्षांनी गाडी त्याच्यापुढे उभी करायची आणि हा हातोडी घेऊन खालून पत्रा ठोकत फिरणार. आवाज टणक आला तर शिक्का, बद्द आला तर घरी जा. त्यानं पाद्रीबुवांची गाडी नापास केली, सख्ख्या मेहुण्याचीही केली. मेहुणा वर्षभर बोलला नाही, तर हा म्हणे, "त्याचं तोंड गंजलं असेल, पत्रा तर गंजला होताच."

तो निवृत्त झाला आणि पाठोपाठ अल्मुटचं, त्याच्या बायकोचं, दुखणं निघालं. सप्टेंबरात डॉक्टरीणबाईंनी औषधं थांबवली. म्हणाल्या, आता मनाला येईल ते करा. कधी काही न मागितलेली अल्मुट. आता मागून मागून मागितलं काय, तर गाडी.

दोन घरं पलीकडे मोम्मे राहतो, दुधाचा टँकर चालवणारा. त्याची लाल, दोनच सीटची, छप्पर उघडणारी जपानी गाडी विकायला होती. पाठ धरल्यामुळे मोम्मेला तिच्यात शिरता यायचं, बाहेर पडता यायचं नाही. गाडी दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली.

"मला हिच्यात बसून समुद्राच्या बांधावरून जायचंय," अल्मुट म्हणाली. "छप्पर उघडं टाकून. मेंढ्या बघत. एवढंच."

हार्टविगनं हातोडी काढली. मोम्मेच्या अंगणात पाठीवर झोपून त्यानं त्या गाडीचा इतका कीस पाडला की मोम्मेची कॉफी गार झाली. दाराखालचा पत्रा बद्द वाजला.

"कुजलीय," तो खालूनच म्हणाला.

"अरे, थोडी कुजली असेल," मोम्मे म्हणाला. "आपण काय ताजे आहोत? चावी घे, अल्मुटला बसव आणि चक्कर मारून ये. बाहेर ऊन बघ कसलं पडलंय."

"न तपासलेल्या गाडीत मी बायकोला बसवत नसतो."

"तपासलीस की आत्ता."

"म्हणूनच."

अल्मुट फाटकाशी डोक्याला रुमाल बांधून उभी होती. तिनं तो रुमाल हळूच सोडला, घडी करून खिशात ठेवला आणि घरी गेली.

ऑक्टोबर असा गेला. हार्टविग रोज त्या गाडीकडे जायचा, रोज काहीतरी शोधून परत यायचा. घ्यावी तर डागडुजी फार, न घ्यावी तर अल्मुटचं तोंड बघवत नव्हतं. रात्री तो अंथरुणात पत्र्याबद्दल बोलायचा आणि ती त्याला थोपटायची. आजारी ती, आणि थोपटायचं तिनं. माणसाला कशाची भीती वाटते ते त्याला सांगता येत नाही, मग तो पत्र्याला नावं ठेवतो. मला तर त्याला धरून हलवावंसं वाटायचं.

शेवटी पानं गळून गेल्यावर त्यानं गाडी घेतली. पण घेतली ती त्याच्या रीतीनं. सगळा पत्रा कापून नवा जोडला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, शिक्का मिळवला. आणि नंबरप्लेट घेतली हंगामी, उजव्या कडेला चार आणि दहा असे आकडे असलेली. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, एरवी तिनं रस्त्याच्या कडेलाही उभं राहायचं नाही. हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, आणि मीठ पत्रा खातं. शहाणी माणसं अशीच प्लेट घेतात.

"एप्रिल?" अल्मुटनं विचारलं.

"डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच येईल."



फेब्रुवारीत एका शनिवारी वारा अचानक पडला आणि असं ऊन पडलं की लोक कोट काढून दारात बसले. अल्मुट महिनाभरानं आपल्या पायांनी गॅरेजपर्यंत आली. डोक्याला रुमाल बांधलेला होता.

"चल," ती म्हणाली.

"अगं, प्लेट एप्रिलची आहे."

"कोण बघतंय? मेंढ्या?"

"धक्का लागला तर विमा नाही. आणि मी असं करायचं? मी? सोमवारी ऑफिस उघडलं की प्लेट बदलून बारमाही आणतो, शपथ."

त्यानं छप्पर उघडलं, तिला उचलून सीटवर ठेवलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली. इंजिन सुरू केलं आणि गाडी अंगणातल्या खडीवरून फाटकापर्यंत नेली. अंगण आपलं, तिथवर कायदा येत नाही. पुढचं चाक डांबराला टेकायच्या आत त्यानं ब्रेक दाबला. समोर बांध दिसत होता, बांधावर मेंढ्या दिसत होत्या.

 मग अल्मुट म्हणाली, अगदी न रागावता, "हार्टविग, जन्मभर लोकांच्या गाड्या थांबवल्यास. माझीपण थांबवलीस."

त्यानं गाडी मागे घेतली.

सोमवारी तो प्लेट बदलून आला तेव्हा धुकं इतकं दाट होतं की फाटक दिसत नव्हतं. मंगळवारी ती उठली नाही. त्यानंतर ती उठलीच नाही, आणि मार्चमध्ये गेली.

दफनानंतर सगळे चहाला जमले. मोम्मे हार्टविगच्या शेजारी बसला होता.

"ऑक्टोबरात मी तिला म्हटलं होतं," मोम्मे म्हणाला, "चल, मी फिरवून आणतो, पाठ मोडली तर मोडली. तर म्हणाली, नको. हार्टविगनंच नेलं पाहिजे, तो ठरवतोय."

हार्टविगनं कप खाली ठेवला. 

एप्रिलच्या एक तारखेला, जुनी प्लेट जिथून सुरू व्हायची त्या दिवशी, सकाळी मी त्याला पाहिलं. छप्पर उघडून तो फाटकापर्यंत आला आणि पुढचं चाक डांबराला टेकायच्या आत थांबला. रस्ता रिकामा होता. त्यानं एकदा शेजारच्या सीटवरच्या घोंगडीकडे पाहिलं. मग उतरला, गाडीखाली वाकला आणि दाराखालचा नवा पत्रा मुठीनं ठोकला. टणक वाजला. तो पुन्हा ठोकत राहिला, मूठ सोलवटेपर्यंत, आणि मग गाडी तिथेच सोडून घरात गेला.