दाराबाहेर राहिलेली काठी

बुटांच्या पॉलिशचा वास आला की मला चिंचवडमधली ती सकाळ आठवते. शेजारचे काका ओसरीवर बसून आपले जुने फौजी बूट आरशासारखे होईपर्यंत घासत होते. महायुद्धात त्यांच्या मांडीत गोळी शिरली होती, काठीशिवाय चार पावलं चालवत नव्हतं, तरी अपंगत्वाचं पेन्शन नामंजूर झालं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून त्यांचं अपील मीच लिहिलं होतं आणि त्या दिवशीच्या सुनावणीला काका-काकूंबरोबर पुण्यालाही गेले. शिपायाने नाव पुकारलं तशी काकांनी काठी माझ्या हातात दिली. "आवो, काठी घ्या की!" काकू कळवळल्या. "साहेबाम्होरं काठी टेकत जाऊ व्हय?" म्हणत ते आत गेले. उघड्या दारातून मला दिसलं, टाचा जुळवून, छाती काढून त्यांनी कडक सलाम ठोकला. पायाचं विचारलं तर म्हणाले, "ठीक हाय, साहेब." साहेब खूश होऊन हसले आणि अपील तिथेच फेटाळलं गेलं. बाहेर येताच काका भिंतीला धरून खाली बसले, चेहरा घामाने निथळत होता. "आता त्या पायालाबी सांगा, तू ठीक हायेस म्हून," काकू म्हणाल्या आणि वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. काका आता नाहीत. काकू तीच काठी टेकत चालतात, आणि देवळात शिरतानाही ती बाहेर ठेवत नाहीत.