मामांच्या दाताला पक्कं सिमेंट

आता काय लपवायचं तुमच्यापासून! माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

नांदेडला दाताची डॉक्टरकी शिकताना माझा प्रबंध कशावर होता, माहितीय? इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवर, दाताची टोपी चिकटवायच्या सिमेंटांवर! कुठलं किती ओढ सोसतं, कुठलं लाळेत लवकर विरघळतं... वर्षभर मशीनवर टोप्या ओढून ओढून मोजल्या. म्हणजे यातलं मला कळणार नाही तर कुणाला?

लातूरला दवाखाना थाटला. पहिला इम्प्लांट करून घ्यायला आले मामा, म्हणजे माझे सासरे, रेणापूरहून. भावकी म्हणाली, "सुनंच्या हातात तोंड देऊन राहिलास?"

"लेक हाय ती माझी," मामा म्हणाले.

तीन-चार महिन्यांत हाडात स्क्रू झकास बसला. त्यावर आठ दिवसांपुरती प्लास्टिकची टोपी लावायची होती. रंग पांढराफट्ट, चुना फासल्यासारखा! ती कच्च्या सिमेंटनं चिकटवतात, म्हणजे हलक्या झटक्यात निघते. मी गप्पांच्या नादात लावलं पक्कं!

आठ दिवसांनी खरा दात तयार. मी टोपी ओढली. ढिम्म! पुन्हा ओढली. हूं की चूं नाही!

"मामा, दुखतंय का?"

"न्हाई. पर तुला का घाम सुटला?"

मी सिमेंटची ट्यूब उचलून पाहिली, तर ती पक्क्याची! जोर लावावा तर आतला स्क्रूच हलायचा!

"मामा, चुकलं माझं. पक्कं सिमेंट लागलं. कापूनच काढावी लागेल."

"मग काप की."

"ड्रिल तापतं, त्याला गार ठेवायला पाणी लागतं हो!" त्या वर्षी दुष्काळ होता; नळाला पंधरा दिवस थेंब नव्हता, टँकरचाही पत्ता नव्हता.

मामांनी पिशवीतून कॅन काढला. "तुला प्यायला आणलंय. उकळून, गाळून. घे."

काय वाटलं असेल मला? त्या पाण्यावर मी तासभर माझी चूक कापत बसले. मग खरा दात बसवला, आणि ते हसत एसटीनं रेणापूरला गेले.

चार दिवसांनी रेणापूरहून तिघं म्हातारे दारात हजर!

"डॉक्टरीणबाई, आमालाबी तसलाच दात बसवा."

"तसला म्हणजे?"

"तुमचे मामा पारावर सांगून राहिले ना! आमच्या सूनबाईनं बसवलेला दात लई पक्का, तिचा तिलाबी निघत न्हाई!"

मी गुमान हातमोजे चढवले नि म्हटलं, "आ करा."