भाड्याची झाडं

खराडीतल्या आयटी कंपन्यांना मी झाडांच्या कुंड्या भाड्यानं देतो. त्या थंडगार काचेच्या खोल्यांत झाड काही दिवसांतच मान टाकतं. मग ते उचलायचं, त्याच्या जागी टवटवीत ठेवायचं आणि आजारी झाड मांजरी गावातल्या माझ्या नर्सरीत आणून बरं करायचं. वीस वर्षं हे इस्पितळ चालवतोय. पेशंट कुरकुर करत नाहीत, हे सुख. हल्ली माझी कंबर करते.

वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासायचे. निवृत्तीनंतर मला तपासू लागले. "झाड देवाचं, हवा देवाची आणि भाडं तुझं. ह्याला लुबाडणं म्हणतात."

मी हातवारे करून भाषण ठोकायचो. कुणाच्या गळ्यात कुंडी बांधत नाही, ह्यावर सहा घरांच्या चुली पेटतात, वगैरे. दहा वर्षं हा प्रयोग चालला. प्रेक्षक एकच, तोही पेपर वाचणारा. तुझी कमाई सचोटीची आहे, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

एका सकाळी माझा कारभार बघायला ते मांजरीला आले. टेम्पो भरून तयार होता. त्यांनी चष्मा पुसला, एक पान उलटं केलं.

"कीड आहे."

"किंचित आहे, बाबा. तिथे कोण पान उलटं करून बघतंय?"

"मी बघितलं ना."

आणि ते कुंड्या बाजूला काढत सुटले. अर्धा टेम्पो रिकामा झाला. आज निम्मीच झाडं येतील, असं मी खराडीला फोनवर सांगितलं. तिथल्या साहेबांचा आवाज दोन वाफ्यांपलीकडे जात होता.

"अहो, उद्या परदेशी पाहुणे येतायत आमच्याकडे. जमत नसेल तर राहू द्या. दुसरा माणूस तयार आहे. तुमच्या कुंड्या संध्याकाळपर्यंत उचला."

फोन बंद झाला. वडिलांनी सगळं ऐकलं होतं.

"काम गेलं?"

"गेलं."

"असं एका फोनवर?"

"कुणीही, कधीही नको म्हणू शकतं."

ते उलट्या क्रेटवर टेकले. "आमचा माल नको म्हणायची सोय कुणालाच नव्हती." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "लुबाडणारा इतकं ऐकून घेत नाही रे."

ह्या क्षणासाठी विजयी मुद्रा कधीची ठरवून ठेवली होती. पण कंबर धरली होती, हात चिखलानं भरले होते. मी नुसतं "हं" म्हटलं आणि टेम्पोतल्या उरलेल्या कुंड्या उतरवायला लागलो.

"त्या राहू दे," वडील म्हणाले. "त्या चांगल्या आहेत. दुसरं गिऱ्हाईक कोण आहे तुझं?"